कादंबरीसाठी दोन भगिनी भाषा रचायच्या आहेत, पण प्रत्येक वाक्य मराठीचंच सोंग वाटतं

पानगळ:

एका कादंबरीसाठी दोन भाषा हव्या आहेत. एक डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांची, दुसरी नदीच्या मुखाशी राहणाऱ्यांची. हजारेक वर्षांपूर्वी दोघांची भाषा एकच होती. आता एकमेकांचं बोलणं त्यांना कळत नाही, पण वाचकाने लक्ष दिलं तर नातं ओळखू यावं. दोन्ही भाषांतली मिळून साठ-सत्तर वाक्यं आणि दोनेकशे नावं पुस्तकात येतील.

वरच्या भाषेचं काम इतकं झालंय: व्यंजनं ३६ (वर्णमालेतली जवळजवळ सगळी), स्वर १०, शब्द ४१२. सगळे स्प्रेडशीटमध्ये आहेत, एका रकान्यात मराठी शब्द आणि शेजारी नवा शब्द. नमुना:

केशूमा तिल्लारो पाड गेनला. (मुलाने बहिणीला दगड दिला.)
सोव निमली. (भूक लागली.)
झार निमली. (आग लागली.)

अडचणी अशा. वाक्यं मराठीची शब्दाला शब्द बदलून केल्यासारखी वाटतात. शब्द एका भाषेतले वाटत नाहीत: केशू, ढ्रांख, इलोमी, पाड यांना जोडणारं काहीच नाही. आणि दुसरी भाषा कशी काढायची ते कळत नाही. प च्या जागी ब, क च्या जागी ग असं करून पाहिलं, तर ती सांकेतिक लिपीतल्या निरोपासारखी दिसते. सगळं मुळापासून करावं लागेल का? ४१२ पैकी काही वाचेल का?

रूपिम:

काही वाचेल, पण आधी ती स्प्रेडशीट बाजूला ठेवा. बिघाड तिच्या पहिल्या रकान्यात आहे. मराठी शब्दासमोर नवा शब्द लिहीत गेलं की मराठी अर्थांची कुंपणंही सोबत येतात. तुमचा ‘निम’ बघा. भूक, आग, वेळ, ठेच, पडू लागलेला पाऊस, या सगळ्यांना एकच धातू वापरणं ही ‘लागणे’ची खासियत आहे. ती दुसऱ्या भाषेत सापडली की तिथे मराठी उभी असते. व्याकरणावर इथले सदस्य ‘अर्धविराम’ लिहितीलच. मी ध्वनी आणि दोन भाषांच्या नात्यापुरतं लिहितो.

३६ हा आकडा मोठा आहेच, पण खरी अडचण ही की ती ३६ मराठीची आहेत. त्यात क्ष आणि ज्ञ धरले असतील तर काढा, ती जोडाक्षरं आहेत. थोड्या ध्वनींत भाषा अडत नाही. हवाईयनमध्ये व्यंजनं ८ आहेत. टोकी पोना ही २००१ साली मांडलेली रचित भाषा ९ व्यंजनं आणि ५ स्वरांवर चालते. भाषेचा चेहरा ध्वनींच्या यादीपेक्षा अक्षराच्या घडणीतून दिसतो: अक्षराच्या सुरुवातीला काय चालतं, शेवटी काय चालतं. ‘ढ्रांख’ आणि ‘इलोमी’ एका घरचे वाटत नाहीत ते यामुळेच.

वरची भाषा रचून मग तिच्यातून खालची काढू नका. दोघींची आई रचा आणि दोघींना तिच्यातून काढा. आई लहान असली तरी चालते. उदाहरण म्हणून ही घ्या:

व्यंजनं: प त क म न स ल र व य
स्वर: आ इ उ
अक्षर: व्यंजन (नसलं तरी चालेल) + स्वर + शेवटी क, न, स, ल यांपैकी एक किंवा काहीच नाही

सुरुवातीचे ११ पर्याय, ३ स्वर, शेवटचे ५ पर्याय, म्हणजे १६५ अक्षरं. दोन अक्षरी शब्द २७,२२५ होतात. तुम्हाला लागणार दीड-दोनशे धातू, त्यामुळे जागा भरपूर आहे.

शब्द यंत्राने पाडणार असाल तर सगळ्या व्यंजनांना समान संधी देऊ नका. कोणत्याही भाषेत काही ध्वनी सतत येतात, काही क्वचित. शंभरात न १६, त १४, क १३, स १२, म १०, ल १०, र ९, प ७, व ५, य ४ असं वजन दिलं तर पहिली चारच व्यंजनं निम्म्याहून जास्त जागा घेतात, आणि शब्द एकाच तोंडातून निघाल्यासारखे वाटायला लागतात. सर्वनामं, ‘आणि’, ‘नाही’, ‘जा’, ‘ये’ असे रोजचे शब्द एका अक्षरात बसवा. लांब शब्द दुर्मीळ गोष्टींसाठी ठेवा.

आता ध्वनिबदल. आईमध्ये अनेकवचनाचा एकच प्रत्यय आहे असं धरू: -इ. वरच्या भाषेत क्रमाने तीन बदल झाले:

१. पुढच्या अक्षरात इ असेल तर आधीच्या आ चा ए झाला.
२. इ च्या आधीच्या क चा च झाला.
३. शब्दाच्या शेवटचे इ आणि उ गळाले.

लान (झाड), अनेकवचन लानि → लेनि → लेन
सुक (नदी), सुकि → सुचि → सुच
माक (घर), माकि → मेकि → मेचि → मेच
नुल (मासा), नुलि → नुल

प्रत्यय एक होता. आता एका नामात फक्त स्वर बदलतो, दुसऱ्यात फक्त व्यंजन, तिसऱ्यात दोन्ही, आणि चौथ्यात काहीच नाही. हे अपवाद कोणी ठरवून घातलेले नाहीत, म्हणूनच ते खरे वाटतात. आपल्या तोंडातही हेच आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघा, ई च्या आधी झ चा उच्चार तालव्य होतो, म्हणजे जीभ दातांकडून टाळूकडे सरकते. ‘कापूस’चं ‘कापसाचा’ होताना ऊ गळतो. ‘नुल’सारख्या नामांची सोय बोलणारे पुढे करतीलच: आधी ‘पुष्कळ’ अर्थाचा शब्द लावतील, आणि काही पिढ्यांनी तोच झिजून नवा प्रत्यय होईल.

क्रम अतिशय महत्त्वाचा आहे. तिसरा बदल पहिला लावून बघा: माकि → माक. मग पुढचे दोन नियम लागायला इ उरतच नाही आणि अनेकवचन नावाची गोष्टच संपते.

खालच्या भाषेत दोनच बदल घेऊ. दोन स्वरांमधले प त क हे ब द ग झाले. त्यानंतर शब्दाच्या शेवटचं व्यंजन गळालं, न असेल तर जाताना स्वर अनुनासिक करून गेलं.

माक → मा, माकि → मागि
सुक → सु, सुकि → सुगि
नुल → नु, नुलि → नुलि
लान → लां, लानि → लानि

या भाषेतल्या मुलाला वाटेल की काही शब्दांना -गि लागतो, काहींना -लि, आणि कोणाला काय ते पाठच करावं लागतं. हे कल्पनेतलं नाही. माओरीत ‘इनु’ (पिणे) चं कर्मणी रूप ‘इनुमिया’ होतं आणि ‘होपु’ (पकडणे) चं ‘होपुकिया’. मधले म आणि क ही शेवटची जुनी व्यंजनं. एकटा शब्द बोलताना ती गेली, प्रत्ययाच्या आडोशाला टिकली. ‘मेच’ आणि ‘मागि’ शेजारी ठेवा: वाचकाला लगेच दिसत नाही, पण चार जोड्या पाहिल्या की उमगतं. तुम्हाला हवं असलेलं नातं ते हेच.

हजार वर्षांच्या अंतराला प्रत्येक बाजूला दहा-पंधरा नियम पुरतात. पहिले दोन-तीन दोघींचे सामायिक ठेवा, म्हणजे वेगळं होण्याआधीचा काळही भाषेत उरतो.

स्प्रेडशीट अशी करा: पहिल्या रकान्यात आईचा शब्द, पुढे प्रत्येक नियमाला एक रकाना, डावीकडून उजवीकडे म्हणजे जुन्याकडून नव्याकडे. इथे एक खड्डा आहे. देवनागरीत ‘इ’ आणि ‘कि’मधली वेलांटी ही संगणकाला दोन वेगळी चिन्हं असतात, आणि ‘माक’मधला क स्वरासकट की स्वराविना हे त्याला कळत नाही. ‘इ च्या आधीचा क’ असा नियम निम्म्या ठिकाणी लागणारच नाही. म्हणून मधले रकाने एका ध्वनीला एक चिन्ह अशा लिपीत चालवा (रोमन चालेल) आणि देवनागरी फक्त शेवटच्या रकान्यात आणा.

तुमचे ४१२: नव्या घडणीत बसतात तेवढे आईत घाला. ‘ढ्रांख’सारखे आवडते पण न बसणारे शब्द डोंगरांची आणि गावांची नावं म्हणून ठेवा. त्या प्रदेशात आधी दुसरी माणसं होती, नावं त्यांची राहिली. खऱ्या नकाशांवरही अशी नावं असतात.

अर्धविराम:

रूपिम यांच्या ध्वनिभागाशी सहमत आहे. दहा-पंधरा नियमांबद्दल मात्र नाही. साठ-सत्तर वाक्यांसाठी प्रत्येक बाजूला सहा-सात नियम पुष्कळ झाले. नियम वाढले की शब्द इतके दूर जातात की नातं फक्त लेखकाला दिसतं. वाचकाकडे स्प्रेडशीट नसते.

आता व्याकरण. नकळत उतरलेली मराठी आधी नावानिशी लिहून काढा. तुमच्या तीन वाक्यांतच एवढं आहे: क्रियापद शेवटी; ‘ने’ला -मा आणि ‘ला’ला -रो; क्रियापदावर लिंगाची खूण (गेनला, निमली). शिवाय -मा फक्त भूतकाळात वापरला असेल, ‘मूल दगड उचलतं’ पण ‘मुलाने दगड उचलला’ असं, आणि ‘मी’ला लावला नसेल, तर मराठीच्या प्रयोगाची सगळी गुंतागुंत तुम्ही न ठरवता उचलली आहे. ही रचना वाईट नाही, जगात ती फार सामान्यही नाही. म्हणूनच ती लगेच ओळखू येते.

सगळं उलटं करू नका. वीस गोष्टी बदलल्या की वाचकाच्या हाती विचित्रपणा लागतो, भाषा लागत नाही. तीन मोठे निर्णय घ्या आणि त्यांचे परिणाम शेवटपर्यंत न्या.

निर्णय एक, शब्दक्रम. जगातल्या बहुसंख्य भाषांत कर्ता आधी येतो. क्रियापद शेवटी किंवा मधे, एवढाच मुख्य फरक. क्रियापद मधे आणलंत तर बाकीचंही हलतं. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषा ताडून ४५ सर्वसामान्य नियम मांडले. त्यांतला सर्वांत उपयोगी धागा असा: क्रियापद कर्माच्या आधी येत असेल तर ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ हे शब्दही बहुधा नामाच्या आधी येतात, क्रियापद शेवटी असेल तर नामामागून. अपवाद आहेत. फारसीत क्रियापद शेवटी, तरी हे शब्द नामाआधी. पण अपवाद घ्यायचा तर जाणून घ्या. ‘स्टार ट्रेक’साठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत कर्म-क्रियापद-कर्ता हा दुर्मीळ क्रम मुद्दाम निवडला, कारण ती भाषा परग्रहावरची वाटायला हवी होती. तुमची माणसं याच मातीची आहेत.

निर्णय दोन, ‘देणे’. हे वाक्य कसं बांधता त्यावर भाषेचा बराच स्वभाव ठरतो. ज्याला दिलं त्याला खूण लावता येते (मराठी तेच करते). किंवा ‘ला’ टाळून दोन क्रियापदं ओळीने ठेवता येतात: मूल घे दगड दे बहीण. योरुबासारख्या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांत अशा माळा आढळतात. रूपिम यांच्या आईभाषेत मूल युमा, घेणे सिल, दगड लास, देणे कुनि, बहीण वुना असे धातू घेतले, तर ‘मुलाने बहिणीला दगड दिले’ हे असं होतं:

वर: युमा सिल लेस कुन वुना
खाली: युमा सि लासि कुनि वुना

यात मराठीचा माग लागत नाही. शिवाय पुढची सोय आपोआप होते: काही शतकांनी ‘कुन’ हा ‘ला’चंच काम करू लागेल. चिनी भाषेत ‘देणे’ या अर्थाचा शब्द तसा वापरला जातोच. वरच्या भाषेत तो तसा झिजलाय आणि खालच्या भाषेत अजून पूर्ण क्रियापद आहे, एवढा फरक ठेवलात तर दोन बहिणी व्याकरणातही वेगळ्या होतील.

निर्णय तीन, नामांचे वर्ग. तीन लिंगं सोडा. एक तर वर्गच ठेवू नका, किंवा दुसऱ्या पायावर ठेवा. मला या कादंबरीसाठी मालकीचा भेद सर्वांत योग्य वाटतो: हात, आई, नाव यांची मालकी एका पद्धतीने सांगायची आणि होडी, काठी यांची दुसऱ्या. हवाईयनमध्ये ‘माझा’साठी असे दोन शब्द आहेत. ‘माझी जमीन’ कोण कोणत्या शब्दाने म्हणतो यातून डोंगरावरचे आणि नदीकाठचे लोक जमिनीकडे कसे बघतात तेही कळेल. एकाही संवादात ते समजावून सांगावं लागणार नाही.

कोशाबद्दल. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असू द्या: आईचा धातू, शब्द कसा साधला, कशाकशाला लागू, कशाला लागू नाही, दोन उदाहरणं. ‘कशाला लागू नाही’ हा रकाना रिकामा राहिला तर शब्द अजून मराठीच आहे असं समजा. मराठीत काठी मोडते, काच फुटते, दोरी तुटते, कापड फाटतं. तुमच्या भाषेत या चारींना एक क्रियापद असेल, किंवा दोन: आवाज होऊन आणि आवाजाविना. मराठी ‘हात’ खांद्यापर्यंत जातो. तुमचा मनगटाशी थांबू दे. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही; तुमच्याकडे दोन वेगळे शब्द हवेत. रंगांचे तीनच मूळ शब्द ठेवायचे तर काळा, पांढरा, तांबडा ठेवा. निळा त्यांत घेऊ नका. हा क्रम ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांच्या १९६९च्या अभ्यासातून आलेला आहे.

शब्द साधताना एस्पेरांतोचा मोह आवरा. १८८७ साली झामेनहोफ यांनी १६ नियमांची भाषा दिली, तिच्यात ‘साना’ म्हणजे निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानुलो’ आजारी माणूस, ‘मालसानुलेयो’ रुग्णालय. जगाने लवकर शिकावी अशा भाषेला हे शोभतं. हजार वर्षं बोलल्या गेलेल्या भाषेत निम्मे साधित शब्द झिजून उगम न कळण्यासारखे झालेले असतात. म्हणून साधित शब्द आईत तयार करा आणि मग नियमांतून काढा; जोड आपोआप पुसट होईल.

त्याहून मोठा मोह वर्गवारीचा: सगळे प्राणी ‘प’ने, सगळी झाडं ‘त’ने. १६६८ साली जॉन विल्किन्स यांनी अशी संपूर्ण भाषा मांडली होती. तिच्यातली अडचण आजही तीच आहे: एकाच वाक्यात येऊ शकणाऱ्या जवळच्या गोष्टींची नावं एका अक्षराने वेगळी होतात, आणि चूक झाली तर संदर्भ मदतीला येत नाही.

पानगळ:

दोघांचे आभार. नव्वद धातू नियमांतून काढले. वरची भाषा खरोखर भाषा वाटू लागली. खालच्या भाषेत मात्र गर्दी झाली: माक (घर), मास (पाऊस), माल (वडील), तिघांचं ‘मा’. नियम बदलू का? आणि छापताना देवनागरीत काय काळजी घ्यावी?

तालव्य:

छपाईचं सांगते. पहिला धोका च, ज, झ. ‘चा’ हा ‘चार’मधला की ‘चाक’मधला हे मराठी वाचक स्वतःच ठरवतो आणि प्रत्येक जण वेगळं ठरवतो. तालव्य हवा असेल तिथे ‘च्या’, ‘ज्या’ लिहा, किंवा नियमच असे ठेवा की च फक्त इ आणि ए जवळ येईल. तिथे उच्चार आपसूक तालव्य होतो. पण ‘मेच’, ‘सुच’मध्ये इ गळून गेलीय. तिथे ‘मेच्य’ असं लिहिणं डोळ्यांना जड जातं, म्हणून नावांत असे शब्द कमी ठेवा.

दुसरा, शेवटचा अ. मराठी वाचक तो बोलत नाही. हवा असेल तर आ लिहा, नको असेल तर पाय मोडायची गरज नाही.

तिसरा, मराठी शब्दांशी टक्कर. दगड म्हणजे ‘लास’ घेतलाय, त्याचं खालच्या भाषेत ‘ला’ होतं. वाचक तो विभक्तिप्रत्यय म्हणूनच वाचणार. मूळ धातू ‘मुरास’ करा: वर मुरास, मुरेस, खाली मुरा, मुरासि. शेवटचा रकाना तयार झाला की पात्रांची आणि गावांची नावं मोठ्याने वाचून घ्या. मराठी अर्थ डोकावला तर मूळ धातू बदला, तयार शब्दाला हात लावू नका. तिथे डागडुजी केली की दोन्ही भाषांतला दुवा तुटतो आणि दोन प्रकरणांनंतर तो कुठे तुटला ते सापडत नाही.

रूपिम:

नियम बदलू नका, ही गर्दी हवीच आहे. आता बोलणाऱ्यांनी काय केलं असतं ते ठरवा, आणि तिन्ही शब्दांना वेगळी वाट द्या.

पावसाला जोडशब्द करा, ‘पाणी-मा’ अशा धर्तीचा. शेवटची व्यंजनं गळालेल्या भाषा याच वाटेने जातात. चिनीत दोन अक्षरी शब्दांची रेलचेल आहे त्यामागे हे एक कारण आहे. घराचं जुनं अनेकवचन ‘मागि’ हेच एकवचन म्हणून रूढ होऊ द्या आणि त्याला नवं अनेकवचन द्या. ‘मा’ वडिलांनाच राहू दे, तो शब्द तोंडात सर्वांत जास्त वेळा येतो.

आणि एक घर वरच्या भाषेतून उसनं घ्या. नदीकाठच्यांनी डोंगरावरचा ‘माक’ शब्द फक्त सरदाराच्या वाड्यासाठी घेतला, तर त्यांच्याकडे ‘मागि’ म्हणजे साधं घर आणि ‘माक’ म्हणजे वाडा अशी जोडी होते. मराठीत ‘शेत’ वारशाने आलं आणि ‘क्षेत्र’ नंतर पुन्हा उचललं, तसंच. उसन्या शब्दाला जुने ध्वनिनियम लावू नका, तो नंतर आलाय. शेवटचा क तसाच राहू दे, तोच त्याच्या परकेपणाची खूण. व्याकरण मात्र त्याला घरचंच लागेल. स्वाहिलीने अरबीतून ‘किताबू’ (पुस्तक) घेतला आणि त्यातल्या ‘कि’ला नामाचा वर्ग दाखवणारा आपलाच प्रत्यय समजून अनेकवचन ‘विताबू’ केलं. तुमच्या नदीकाठच्या मुलाने ‘माक’चं अनेकवचन काय केलं असतं, ते नव्या प्रत्ययाने बनवून बघा. ‘मेच’ त्याला सुचणार नाही.

उसन्या शब्दांसाठी स्प्रेडशीटमध्ये वेगळा रकाना ठेवा: कोणत्या नियमानंतर आत आला. तिसऱ्या नियमानंतर आलेल्या शब्दाला चौथ्यापासून पुढचेच लागतील.